बाईंच्या सीताफळावरचा चिकटा

मला किळस फार लवकर येते. भाताच्या घासात केस निघाला की पुढचं जेवण संपलं. माझं माहेर नागभीडचं. तिथं या नखऱ्यापायी आई रागवायची आणि बहिणी हसायच्या. अशा मुलीचं लग्न झालं आणि ती पडली कुठं, तर गडचिरोलीच्याही पलीकडं, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. तेव्हा तो सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. मालक जंगलाच्या नाक्यावर नोकरीला, घरी आले तर आले. घरात मामाजी म्हणजे माझे सासरे, मोठ्या नणंदबाई आणि मी. आणि मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाला लागून, ते सीताफळाचं झाड.

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्या झाडाला चिकटा लागला. पुस्तकात या किड्याला पिठ्या ढेकूण म्हणतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की कोवळ्या फांद्यांवर आणि फळांच्या डोळ्या-डोळ्यांमध्ये कुणीतरी ओला कापूस कोंबून ठेवलाय. जवळून पाहिलं तर तो कापूस हलायचा. बोटानं दाबला तर आतून पिवळट-तांबूस रस निघायचा. पानांवरून चिकट पाणी ठिबकायचं, त्यावर काजळी धरायची, आणि मी धुऊन वाळत टाकलेल्या लुगड्यांवर ते सगळं उतरायचं. एकदा धुणं आपटताना मानेवर काहीतरी पडलं. हात फिरवला तर बोटं पांढरी आणि बुळबुळीत. मी तिथंच ओकले.

वर ते पाणी गोड, त्याला मुंग्या लागल्या. झाडावरून भिंतीवर, भिंतीवरून स्वयंपाकघरात. गुळात मुंग्या, दह्यात मुंग्या. एक दिवस मामाजींच्या ताकात मुंगी निघाली. त्यांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "तान्हा पोळा होऊ दे. मंग तोडूनच टाकतो हे झाड."

मला मनापासून बरं वाटलं. नणंदबाईंचा चेहरा मात्र उतरला.

नणंदबाईंना घरात-गावात सगळे नुसतं बाई म्हणत. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि सासरच्यांनी त्यांना परत पाठवलं. येताना पदराच्या गाठीत सीताफळाच्या बिया तेवढ्या आणल्या होत्या. त्यातलंच हे एक झाड जगलं. या घरातलं प्रत्येक काम बाईंचं होतं आणि एकही वस्तू त्यांची नव्हती, या झाडाखेरीज. घरातला मूठभर तांदूळ कुणाला द्यायचा तर मामाजींना विचारावं लागे. सीताफळं मात्र त्या कुणाला न विचारता वाटायच्या. दिवाळीच्या सुमारास टोपली काखेत घेऊन घरोघर जायच्या, याला दोन, तिला चार. जिच्याशी भांडण असेल तिच्या दारावरून टोपली दाखवून पुढं जायच्या. वर्षातले तेवढेच दिवस त्या ताठ चालत, असं शेजारीण मला म्हणाली होती.

तर ते झाड वाचवायचं म्हणून बाई हात धुऊन त्या चिकट्याच्या मागं लागल्या. आंब्यावर पानं शिवून घर करणारे तांबडे मुंगळे असतात ना, ते ज्या आंब्यावर असतील तिथं दुसरा किडा टिकत नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. पलीकडच्या जंगलातल्या गावाहून एक बाई बाजाराला मोहफुलं, चारोळी आणायची. तिच्याकडून बाईंनी तांदळाच्या बदल्यात मुंगळ्यांचं अख्खं घर मागवलं. तिकडं त्या मुंगळ्यांची चटणी करून खातात. तिला नवल वाटलं. "झाडाले कायले?" ती म्हणाली. "वाटून खा ना."

बाईंनी ते घर सीताफळाला बांधलं. मुंगळे आठवडाभरात रुळले आणि त्या पांढऱ्या घाणीची राखण करायला लागले. गाईंभोवती गुराखी बसतो तसे तिच्याभोवती बसायचे, मिश्यांनी तिला गोंजारायचे आणि तिनं टाकलेला गोड थेंब चाटायचे. चिकटा दुप्पट झाला. आता झाडाजवळ गेलं तर वरून मुंगळे डसायचे. हे पाहून मला जे झालं ते सांगायला किळस हा शब्दही थिटा आहे. दुसऱ्याच्या अंगातून गळलेलं चाटून जगायचं आणि त्यासाठी त्याला सांभाळायचं!

मग बाई हातानं मारायला बसल्या. राख चोळलेले हात, डोक्याला फडकं, आणि मलाही जोडीला बसवलं. पोळा जवळ येत होता. त्या गर्दीत काही किडे मोठे होते, जाडसर, अंगावर जास्तच पीठ, सरकत चालणारे. बाईंनी त्यांच्यावर नेम धरला.

"ह्या माया होय त्याईच्या," त्या म्हणाल्या. "मायले मारलं का लेकरं आपोआप मरतात."

रोज आम्ही आधी माया शोधायचो. काटकीनं खाली पाडायच्या, दगडानं ठेचायच्या. लेकरं काही मरेनात. एकदा बाईंनी दोन माया जिवंत धरल्या आणि चिकट्यानं भरलेल्या एका कच्च्या फळासकट मामाजींच्या रिकाम्या तपकिरीच्या डबीत घातल्या. शेतकीचा कुणी माणूस गावात आला तर दाखवू म्हणाल्या. डबी देवळीत गेली आणि विसरली.

काही दिवसांनी ती उघडली मी. फळ स्वच्छ होतं, जणू पुसून ठेवलेलं, पांढऱ्याचा मागमूस नाही. आणि झाकणाच्या आतून दोन माकडं माझ्याकडं बघत होती. तुरीच्या दाण्याएवढी तोंडं, पण डोळे, नाक, गाल, सगळं जिथल्या तिथं. मी डबी फेकून दिली. बाईंनी ती उचलली, उजेडात धरली, पुष्कळ वेळ पाहिली. दोन-तीन दिवसांनी एक तोंड उकललं आणि त्यातून तपकिरी रंगाचं लहानसं, कुणाच्या नजरेत न भरणारं फुलपाखरू निघालं. ते कोश होते. माया म्हणून आम्ही ठेचत होतो त्या या फुलपाखराच्या अळ्या होत्या, आणि चिकटाच खाऊन जगत होत्या. मुंगळे त्यांना काही करत नव्हते. आम्हीच करत होतो.

"यानंच खाल्लं सारं," बाई म्हणाल्या. "अन् आपून यालेच मारून राह्यलो होतो."

आम्ही हात आवरला. झाड हळूहळू निवळायला लागलं. पण अजून पुष्कळ घाण होती, आणि पोळा झाला, पाठोपाठ पोरांचा तान्हा पोळाही झाला. दुसऱ्या सकाळी मामाजी कुऱ्हाड घेऊन अंगणात आले. बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. चौकट घट्ट धरलेली. मामाजींनी खालची फांदी बाजूला केली आणि थांबले. पानांवर, सालीवर, जिथं बघावं तिथं माकडतोंडं होती. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले.

"मारुतीराया," ते म्हणाले.

मी बोलणारच होते की मामाजी, हे किडे आहेत, आम्ही डबीत पाहिलंय. बाईंनी माझ्याकडं बघून नको अशी मान हलवली. मी गप्प बसले. झाड वाचलं.

शनिवारपर्यंत गावात बातमी पसरली. झाडाखाली शेंदूर फासलेला दगड आला, तेल आलं, नारळ आले. मामाजींनी धुण्याचा दगड हलवून ओटा बांधला. कुणीतरी एका कोशालाच शेंदूर लावला, तो आतल्या आत मेला. ओट्यावर सांडलेलं तेल, नारळाचं पाणी, त्यावर माश्या. चिकट्याला मी नावं ठेवत होते, पण हे त्याच्या वरताण होतं.

आणि मामाजींनी नेम घातला. "मारुतीले बायाईनं शिवाचं नाई," ते म्हणाले. मग बाईंकडं न बघता म्हणाले, "तुह्यी त सावलीबी नको पडू देऊ."

दिवाळीला झाड लगडलं. फळं नितळ, डोळे मोठे, चिकट्याचा डागही नाही. मामाजींनी ती पुरुषांकडून उतरवली आणि प्रसाद म्हणून वाटायला बसले. सगळा गाव आला. बाईंची टोपली चुलीमागं उलटी पडलेली होती. बाई रांगेच्या शेवटी, सावली झाडावर जाणार नाही अशा बेतानं, पदर सावरून उभ्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा मामाजींनी हात वर धरला आणि अर्धं सीताफळ त्यांच्या ओंजळीत वरून टाकलं.

मुंगळ्यांपेक्षा, ठेचलेल्या किड्यांपेक्षा, मानेवर पडलेल्या त्या बुळबुळीपेक्षा मला त्या वरून टाकलेल्या फळाची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

मी बाईंना आत ओढून आणलं आणि म्हटलं, "बाई, काऊन गप्प बसलात त्या दिवशी? सांगून टाकायचं होतं, किडे होय म्हणून."

बाईंनी गर तोंडात घातला. एकेक बी जिभेनं वेगळी करून हातावर घेतली.

"सांगितलं असतं त तोडलं असतं ना वो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी त्या बिया पदराच्या टोकात घातल्या आणि गाठ मारली.