मांडे आणि मर्दानगी

आमच्या घरात मांडे मी करतो आणि पंखे बायको दुरुस्त करते. सविता भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये फिटर आहे. मी जळगावच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. प्रत्येक माणसात पुरुषी आणि बायकी दोन्ही गुण असतात, हे मी वर्गात घसा फोडून सांगतो. (घरी सांगायची छाती नाही. घरी आई आहे!)

माझ्या धाकट्या बहिणीला, मीनलला, बघायला धुळ्याचे पाहुणे येणार होते. मुलगा तिला आधीच मनापासून आवडलेला. स्थळ हुकलं असतं, तर तिने जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं.

आईने फर्मान काढलं, "भाऊ, तू मांडा करस हाई पाव्हनासले समजनं, त सोयरीक मोडी जाई! आज सविता रांधी. तू पेपर धरीसन बस!"

"सविता? मांडे?" मी किंचाळलो. पण आईपुढे कोण बोलणार!

पाहुणे आले. मुलाच्या आईला सगळे अक्का म्हणत. त्यांच्यासमोर मी मिशीला पीळ देत कापसाच्या भावावर बोललो. (मला मिशी नाही. नुसताच पीळ दिला.) तेवढ्यात कूलर बंद! मे महिन्यात, जळगावात!

"बघा की प्रोफेसर," अक्का म्हणाल्या.

मी मर्दासारखा उठलो, स्क्रूड्रायव्हर कुठेतरी खुपसला. फाट्! सगळ्या घराची वीज गेली.

त्याच क्षणी आतून करपल्याचा वास आला. मी स्वयंपाकघरात धावलो. सविताचा एक मांडा चुलीवरच्या उपड्या खापरावर जळत होता, दुसरा तिच्या खांद्यावर लोंबत होता.

"अहो, यापेक्षा इंजिन परवडलं! तुम्ही तिकडे काय उडवलंत?"

"घर!"

"सरका!" ती पक्कड घेऊन बाहेर पळाली. मी बाह्या सरसावल्या. मांडा तळहातावरून कोपरापर्यंत सरसर पसरत गेला, खापरावर अलगद पडला आणि मी वळलो. दारात अक्का! पाणी मागायला आलेल्या.

त्यांच्यामागे आलेल्या आईने पदर तोंडात कोंबला. मीनलचे डोळे भरले. अक्कांनी गरम मांडा मोडून तोंडात टाकला. बाहेर कूलर सुरू झाला.

"मुलीला येतात असे?"

"नाही," मीनल म्हणाली.

"असू दे. मुलगी पसंत आहे. फक्त पाठराखीण म्हणून याला पाठवा. माझ्या सुनांना शिकवेल!"

आणि खरंच, लग्नानंतर बहिणीची पाठराखीण होऊन मी धुळ्याला गेलो! परत निघताना अक्कांनी मला पाटावर बसवून माझी ओटी भरली. पदर नव्हता, म्हणून मी शर्ट पसरला. आणि काय सांगू, चक्क लाजलो!