घाटेअळीचा सिनेमा

डोंगरकडा गावात सरिताला सगळे ‘अळ्यांची डॉक्टरीण’ म्हणत. शेषराव आणि जनकाबाईंची ही थोरली लेक शहरातल्या प्रयोगशाळेत घाटेअळीच्या पेशी बाटलीत वाढवायची आणि त्यांना मुद्दाम आजार लावायची.

“लोक आजार बरा कराया शिकतेत,” जनकाबाई म्हणायच्या, “आन् आमची लावाया शिकून राहिली.”

हरभरा पोखरणाऱ्या या अळीला मारणारा एक विषाणू असतो. माणसाला त्याची काही तकलीफ नाही. तो पेशीत शिरतो कसा, हे सरिताला बघायचं होतं. तो इतका बारीक की नुसता दिसेना, म्हणून त्याला हिरवी चकाकी जोडलेली. सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा थांबून थांबून फोटो काढायचा, ते जोडून फिल्म व्हायची. पहिली फिल्म निघाली ती निव्वळ काळोखाची. दुसऱ्या खेपेला आजारी पेशी काचेवरून सुटून तरंगत निघून गेल्या. सरिता रडकुंडीला आली. मग तिनं काचेला चिकट लेप दिला, आणि फिल्म जमली.

हरभऱ्याला घाटे धरले तेव्हा ती गावी आली आणि तिनं घरच्या टीव्हीवर फिल्म लावली. शेजारचे जळबा सगळ्यांत पुढं बसले. त्यांचं अर्धं रान अळीनं खाल्लं होतं.

हिरवा ठिपका पेशीला चिकटला.

“घुसला, घुसला!” जळबा ओरडले.

पेशीच्या मधला गोळा फुगला, विषाणूच्या साखरेसारख्या दाण्यांनी गच्च भरला आणि पेशी फुटली. घरात शिट्ट्या वाजल्या. जनकाबाईंनी मात्र पदर डोळ्यांना लावला.

“काहून मारलं गं तिला?”

“माय, ती अळीची पेशी हाय!”

“असू दे. घरात घेतलं तर घरच फोडलं मेल्यानं.”

जळबांनी शेतीऔषधांच्या दुकानातून तो विषाणू आणला. उन्हात तो टिकत नाही, म्हणून सरितानं दिवस कलल्यावर फवारायला लावला. सकाळीच जळबा तणतणत आले.

“अळ्या तर खाऊनच राहिल्या!”

“काका, आत्ता कुठं आत शिरला असंल. दम धरा की.”

काही दिवसांनी अळ्या मरून शेंड्यांना उलट्या लटकलेल्या दिसल्या. जळबांनी निम्मं गाव बोलावून दाखवलं. जनकाबाईही गेल्या. पोखरलेले घाटे बघून त्यांचा चेहरा बदलला.

“एवढं खाल्लं व्हय? मंग बराबर झालं,” म्हणत त्यांनी चांगले बघून ओल्या हरभऱ्याचे चार डहाळे उपटले.

“धुऊन खा, माय,” सरिता म्हणाली.