पोचण्याआधी सुटलेली वळकटी

पडदा वर जातो. बिनखिडकीची पांढरी खोली. मध्ये सूक्ष्मदर्शक, त्यावर ओणवलेली माझी धाकटी जाऊ. रंगमंचावर मी जन्मभर भुताखेतांचे प्रवेश केले, पण असा प्रवेश मला कुणी लिहून दिला नाही.

मूल होत नसलेल्यांच्या दवाखान्यात ती प्रयोगशाळा सांभाळायची. पुरुषांच्या शुक्रपेशी तपासायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ताई, तुम्ही नाटकवाले विंगेत कपडे बदलता ना? तसंच. शुक्रपेशी घडताना तिच्यातला डीएनएचा धागा आधी हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर सैल गुंडाळलेला असतो. मग ती उतरतात, मधली तात्पुरती प्रथिनं येतात, तीही जातात, आणि शेवटी प्रोटामीन नावाची प्रथिनं येऊन सगळ्याची घट्ट वळकटी बांधतात. स्त्रीबीजात पोचलं की वळकटी सुटते आणि तिथली हिस्टोन अंगावर चढतात."

"म्हणजे सासरचे कपडे!"

"चला, एवढं विज्ञान पुरे तुम्हाला," ती खळखळून हसली होती.

पुढे तिचा एकुलता एक लेक आजारात गेला. उपचारांनी पुढे मूल होणार नाही म्हणून त्यानं आधीच बायकोसाठी शुक्रपेशी गोठवून ठेवल्या होत्या. तो गेल्यावर सुनेचे प्रयत्न फसत गेले आणि शेवटची एकच नळी उरली. ती संपली की त्याचं काहीच उरणार नव्हतं. त्या दिवशी सुनेची स्त्रीबीजं काढून झाली होती. डॉक्टर म्हणाले, आधी थेंबभर तपासा. वळकट्या सैल असतील तर वापरण्यात अर्थ नाही.

तिथली रीत अशी, की नमुना उघडताना तिनं आणि मदतनीस मुलीनं, दोघींनी नाव मोठ्यानं वाचायचं, बाटल्याही दोघींनी बघायच्या. लेकाचं नाव परक्या तोंडून तिला ऐकवेना. त्या मुलीला तिनं बाहेर घालवलं, थेंब एकटीनंच धुतला, काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

शुक्रपेशींची डोकी फुगत होती. टणक, टोकदार असायची ती एकेक करून गोल, फिकट, मोठी होत चालली होती. स्त्रीबीजाच्या पोटात होतात, अगदी तशी. काचेवर मात्र स्त्रीबीज नव्हतंच.

"मानेवर गार हात ठेवल्यासारखं झालं, ताई," तिनं मला नंतर सांगितलं. "त्याला वाटत होतं, आपण पोचलो."

"काय, बाद?" डॉक्टरांनी दारातून विचारलं.

हो म्हणायला तोंड उघडलं आणि हातमोज्याचा वास नाकात शिरला. नासक्या अंड्यासारखा. वळकट्या मुद्दाम सोडवायचं औषध! दुसऱ्या एका तपासणीसाठी ठेवलेलं, आणि धुण्याच्या द्रावणाऐवजी तिनं तेच ओतलं होतं.

"बाद नाही. मीच चुकीच्या बाटलीनं धुतलं. नळीतल्याला धक्का लागलेला नाही."

"मग पुन्हा तपासा."

"उरलंय एवढंसं. तपासलं तर वापरायला काय राहणार?"

सून भिंतीचा आधार घेत दारात येऊन उभी होती. "आई, नका तपासू. हे कधी कळवून घरी आले होते का?"

या खेपेला जावेनं त्या मुलीला आत बोलावलं, दोघींनी मिळून नाव वाचलं आणि नळीतलं उरलेलं स्त्रीबीजांत सोडलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेबाहेरच्या टीव्हीच्या पडद्यावर एका स्त्रीबीजात दोन गोल केंद्रकं शेजारी शेजारी दिसली. एक सुनेचं, एक त्याचं, नीट उलगडलेलं.

"आई, या ना! बघा तरी!"

जाऊ भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"तू बघ गं. मी त्याला उघडताना एकदा पाहिलंय."