बाबू नावाचा इसम

त्या उन्हाळ्यात माझी नेमणूक कल्याणहून ठाण्याला झाली, पोलिसांच्या धाड पथकाबरोबर. मी होमगार्ड. सीमेवर कधी गेले नाही. मिरवणुका, निवडणुका, स्टेशनबाहेरचा बंदोबस्त, हीच आमची सीमा. पण खाकी खरी होती, परेड खरी होती आणि ऑर्डर म्हणजे ऑर्डर. भरती झाले तेव्हा शिक्षण फार विचारत नसत. माझी चौथी झालेली. धावून दाखवलं, उंची भरली, घेतलं.

बाईला ताब्यात घ्यायला बाई लागते. पोलिसांत बायका कमी पडल्या की आम्हाला बोलवत. काम ठरलेलं. लॉजवर जायचं, मुलींना एका खोलीत बसवायचं, ओढणी द्यायची, पाणी द्यायचं, जीपमध्ये चढवायचं. त्या रडतील असं लोकांना वाटतं. बहुतेक जणी रडत नाहीत. भूक लागली म्हणतात.

पथकाच्या प्रमुख राणे मॅडम, पीएसआय. बाळंतपणाच्या रजेवरून नुकत्याच आल्या होत्या. पोर सासूकडे ठेवून यायच्या. जीप चालवायला भोईर हवालदार, दिवा स्टेशनच्या बाजूच्या गावचा, तोंडाचा फटकळ.

सकाळी ब्रीफिंग झालं. घोडबंदर रोडवरचा नवा टॉवर, अकराव्या मजल्यावर रोजाने मिळणारा फ्लॅट. एजंट परदेशी पुरुषांना टूरवर आणायचा. चार दिवस समुद्र, एखादं देऊळ, आणि मग इथे मुक्काम. मुली फोनवर फोटो बघून आधीच ठरवलेल्या. त्यांच्या देशात हे महाग पडतं आणि पकडलं जाण्याची भीती. इथे स्वस्त. मॅडम एवढंच बोलल्या.

“मावशी, मागच्या लिफ्टजवळ जिना आहे. तिथून कोणी खाली जाता कामा नये.”

“जी मॅडम.”

“मावशे, चप्पल नको फेकू हां,” भोईर म्हणाला. “मागच्या टायमाला एकाचा चष्मा फुटला.”

“फुटू दे. पळाला तर नाही ना.”

दुपारी बाराला पथक वर गेलं. मी जिन्यात उभी. वरून दार आपटल्याचा आवाज आला आणि एक मुलगी अनवाणी पळत खाली आली. विशीची असेल. मी तिचं मनगट धरलं. ती चावली. मी सोडलं नाही. ती दोन्ही हात छातीशी घ्यायला बघत होती. मला वाटलं, अंग झाकते आहे. एकच बोलणं चाललं होतं.

“बाबू घोरे. बाबू ॲका. ॲका.”

मला ऐकू आलं, ‘ऐका, ऐका’. म्हटलं, “ऐकते बाई. आधी बस खाली.”

तिला वर आणलं. हॉलमध्ये साठीचा एक गोरा माणूस शर्टाची बटणं लावत होता. आम्हाला बघून त्याने हात जोडले. नमस्ते म्हणाला.

“आजोबा दर्शनाला आलेत,” भोईर म्हणाला.

एजंट मिळाला नाही. मॅडमनी मुलीला नाव विचारलं. ती म्हणाली, झुमा. पुढे पुन्हा तेच. बाबू घोरे, बाबू घोरे. बोली बंगाली, एवढं कळत होतं. हिंदी तिला चार शब्द येत होते, ते चारही धंद्याचे.

“बाबू घोरतोय बोलते,” भोईर म्हणाला. “झोपलाय साला कुठंतरी हितंच.”

सगळ्यांना ते पटलं. एजंटचं नाव बाबू. मॅडमनी वायरलेसवर मेसेज दिला. “बाबू नावाचा इसम फरार आहे. नाकाबंदी ठेवा. ओव्हर.” मग आम्ही त्या टॉवरचा एक एक फ्लॅट उघडून बघितला. बाबू सापडला नाही. दोन-तीन तास त्यात गेले. झुमा माझ्या ताब्यात. ती उठायची, मी बसवायची.

चार वाजून गेल्यावर पोलीस स्टेशनला आलो. परदेशी माणसाला खुर्ची आणि पाण्याची बाटली दिली. त्याचा जबाब इंग्रजीत चालू झाला. झुमा बाकावर बसली होती. मॅडम तिच्यापुढून जाता जाता थांबल्या. तिचा कुडता पुढून ओला होता. घाम पाठीला येतो. हे दोन्ही बाजूंना, गोल.

मॅडमचा हात आपोआप स्वतःच्या छातीशी गेला. त्यांनी विचारलं, “बच्चा? बच्चा है?”

झुमाने हातांनी लांबी दाखवली. एवढा.

“किधर?”

“घोरे. दिवा.”

“भोईर, गाडी काढा.”

घोडबंदर रोडला नेहमीसारखी रांग लागलेली. सायरन लावून उपयोग नव्हता, पुढच्याला सरकायला जागा नव्हती. कळवा, मुंब्रा, शीळफाटा.   मध्येच वायरलेसवर आवाज आला, “बाबूचा ठावठिकाणा लागला का? ओव्हर.”

“दिव्यात,” मॅडम म्हणाल्या. “निघालोय. ओव्हर.”

दिव्यात गल्लीच्या तोंडाशी टँकर आडवा उभा. बायका ड्रम घेऊन भांडत होत्या. जीप तिथेच सोडून आम्ही धावलो. झुमा पुढे. एक बाई ओरडली, “काय झालं गं? तुझी शेजारीण तर काल गावी गेली. पोर कोणाकडे?” झुमा एका चाळीच्या जिन्यात शिरली.

सर्वांत वरची खोली, डोक्यावर पत्रा. बाहेरून कुलूप. चावी तिच्या पर्समध्ये, पर्स मुद्देमालात जमा. भोईरने जीपमधली लोखंडी टॉमी आणून कुलूप तोडलं.

लाइट गेलेली. आतली हवा भट्टीसारखी तोंडावर आली. पोर सतरंजीवर पडलेलं. रांगत जाऊ नये म्हणून कमरेला ओढणी बांधून खाटेच्या पायाला अडकवलेलं. बाजूला खोकल्याच्या औषधाची बाटली, झोपवण्यासाठी.

मॅडमनी त्याच्या नाकाशी बोट धरलं आणि बाजूला झाल्या. झुमाने पोर उचललं, अंगाशी लावलं. दूध गळत होतं. पोर पीत नव्हतं.

वॉकीटॉकी माझ्याकडे दिलेला. होमगार्डने त्यावर बोलायचं नसतं.

“बाबू मिळाला का? ओव्हर.”

मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी बटण दाबलं.

“मिळाला.”

“कोणाच्या ताब्यात आहे?”

“आईच्या.”

“रिपीट करा. कोणाच्या?”

“आईच्या. सात-आठ महिन्यांचा आहे. मयत. ओव्हर.”

खरखरीतून आवाज आला, “रॉजर.”

दुसऱ्या दिवशी भोईरने त्याच्या गावच्या बाजूला जागा बघितली, खड्डा स्वतः खणला. जमीन खारी होती. मॅडम होत्या, मी होते, झुमाला परवानगी काढून आणलं होतं. तो परदेशी माणूस जबाब देऊन त्याच्या घरी गेला. त्याला कोणी काही सांगितलं असेल असं वाटत नाही. झुमाला महिलांच्या वसतिगृहात ठेवलं, शिवण शिकवलं, मग तिच्या गावी पाठवलं. पुढचं मला माहीत नाही.

वसतिगृहात बंगाली समजणारी एक बाई यायची. तिला मी विचारलं. ती म्हणाली, बाबू म्हणजे बाळ. घोरे म्हणजे घरी. ॲका म्हणजे एकटा. झुमाने त्याचं खरं नाव अजून ठेवलं नव्हतं.

मी दार अडवलं ते ऑर्डरने. तीच ऑर्डर मिळाली तर तेच करीन. पण दुपारी मला घरात बसवत नाही. बाराच्या सुमाराला उठते, रस्त्यावर जाते, उन्हातून परत येते. सून म्हणते, “आई, काय शोधता?” काही नाही म्हणते.

नाकाबंदी रद्दचा मेसेज द्यायचं कोणाला सुचलं नाही. नाकाबंदीवाले आठवडाभर बाबू शोधत होते. डोंबिवलीत एका रिक्षावाल्याला त्या नावापायी रात्रभर बसवून ठेवलं.

वर्षातून एकदा मैदानावर ड्युटीवर असताना जीव गेलेल्यांची नावं वाचतात. मी निवृत्त आहे, तरी जाऊन मागे उभी राहते. नावं संपली, बिगुल वाजला की एक नाव हळू म्हणते. मागच्या वेळी शेजारच्या नव्या भरतीच्या पोरीने ते ऐकलं.

“आजी, बाबू कोण? कुठल्या पलटणीतला?”

“कुठल्याच नाही,” म्हटलं. “एकटा होता.”