परत न बोलावता येणारा आवाज

सायकाल कमी बोलायची. लहानपणी आई म्हणे, या पोरीला देवानं तोंड उगाच दिलं, कानांवर भागलं असतं. पुढं राजधानीत, बिश्केकमध्ये, एका बँकेत तिला काम मिळालं. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये कुठलं बटण कुठे असावं, किती मोठं असावं, दाबताना माणूस बावचळेल का, हे ठरवायचं. काम तिला आवडायचं. लग्न मात्र टिकलं नाही, आणि एका हिवाळ्यात दोन पिशव्या घेऊन ती नारीनला आईकडे परतली. शेजारणींनी काही विचारलं नाही. त्या न विचारण्याचंच ओझं तिला जास्त झालं.

उन्हाळ्यात आईनं तिला मामाकडे, आक-सायच्या कुरणावर धाडलं. मामा म्हणजे कासिमाली; त्यांना सगळेच तायके, म्हणजे मामा, म्हणत. लग्नात, बारशात पंगतीला बोलतं ठेवायला त्यांनाच बोलावणं असे. कुरणावर फोनला रेंज नाही, पण मेंढपाळांच्या फोनांत तायकेंचे किस्से भरलेले. एकानं रेकॉर्ड केलेलं दुसरा मागून घ्यायचा; घेताना निम्मं तुटायचं, कधी भलतंच उघडायचं. सायकाल ते पाहत राहिली, आणि पुष्कळ महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या डोक्यात कामाचा विचार आला.

बिश्केकचा तिचा जुना सहकारी तिलेक आतली यंत्रणा लिहू लागला, दर्शनी भाग तिनं घेतला. दोन फोन जवळ आले की तायकेंच्या कार्यक्रमाचे तुकडे आपोआप एकातून दुसऱ्यात जायचे. एक तुकडा याच्याकडून, दुसरा त्याच्याकडून, जमेल तसा भाग पुरा व्हायचा. ज्याला मागणी जास्त, तो आधी पुढं सरकायचा; हा नियम सायकालचा. इंटरनेट लागत नव्हतं. माणसं भेटली म्हणजे झालं.

सायकाल तंबूतंबूत जाऊन म्हाताऱ्यांच्या हाती फोन द्यायची आणि त्यांची बोटं कुठं अडतात ते बघायची. एका आजीनं चुकून खोडायचं बटण दाबलं, सगळे किस्से गेले आणि आजी रडकुंडीला आली. सायकालनं ते बटणच काढून टाकलं. पडद्यावर उरला एक मोठा कान. दाबला की ऐकू येई. ती खाली गावात उतरली होती तेव्हा तिलेक फोनवर म्हणाला होता, "सोडलेला भाग सगळ्यांच्या फोनांतून परत बोलवायची सोय ठेव. उद्या कुणी नको ते बोललं तर?"

"सोपं राहू दे," ती म्हणाली. "नंतर बघू."

अ‍ॅपचं नाव तिनं कुलाक ठेवलं. किर्गीजमध्ये कान, पण रशियनांच्या तोंडी त्याचा अर्थ श्रीमंत शेतकरी, ज्यांना सोव्हिएत राजवटीत हद्दपार करत. तायके हसले. "माझ्या आजोबांना या शब्दापायी सैबेरियाला धाडलं, आणि तू तो सगळ्यांच्या खिशात घालतेस होय, पोरी?"

पुढच्या उन्हाळ्यात कुलाक कुरणाकुरणावर पोचला. तायके दर आठवड्याला बोलायचे: गवत, लांडगे, मेंढरांचे खूर, कुणाची सून कुणाला काय म्हणाली. घोड्यावरून जाणारा माणूस एका ओढ्यावर पाणी प्यायला थांबला की तिथून कार्यक्रम पुढच्या खोऱ्यात जाई. कर्णोपकर्णी म्हणतात ते हेच. त्या दिवसांत सायकालला बरी झोप लागू लागली होती.

त्या कुरणावर बाकास नावाचा मेंढपाळ होता. स्वतःची मेंढरं थोडी. गावातल्या घराघरांतली राखायला घेऊन तो वर यायचा, त्यावर त्याचं पोट. अबोल माणूस. त्या जूनमध्ये त्याच्या कळपातली काही मेंढरं नाहीशी झाली. त्यानं शोधली, सापडली नाहीत, आणि तेवढंच त्यानं मालकांना कळवलं. तायकेंनी त्या आठवड्यात बोलता बोलता म्हटलं, "आमच्या बाकासला शेजारधर्म फार. त्याच्या कढईत चार घरांची मेंढरं गुण्यागोविंदानं नांदतात."

एवढंच वाक्य. रेकॉर्ड करताना सायकाल समोर होती, आणि तीही हसली होती.

तो भाग आधीच्या कुठल्याही भागापेक्षा वेगानं पसरला. लोक तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा लावायचे. बाकास दिसला की कुणीतरी दादाला म्हणावं तसं 'बाइके' म्हणत विचारायचं, "काय बाइके, कढई चढवली का?" तो हसण्याचा प्रयत्न करायचा. मग उत्तर देणंही त्यानं सोडलं.

ऑगस्टच्या शेवटी घळीतला बर्फ वितळला आणि मेंढरं सापडली. वरून घसरलेल्या बर्फाखाली दबलेली, कानांवरच्या मालकांच्या खुणांसकट. तायके स्वतः जाऊन बघून आले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माफीचा भाग रेकॉर्ड केला. पण त्यात विनोद नव्हता, मागणी नव्हती, त्यामुळं सायकालनंच घातलेल्या नियमानं तो रांगेत मागं पडला. तोवर थंडी आली, कळप खाली उतरले, माणसं आपापल्या गावांत पांगली. माफी दोन-चार खोऱ्यांपलीकडे गेलीच नाही.

सायकालनं तिलेकला फोन केला. "बोलवायची सोय कर. आत्ता."

त्यानं कुरकुर न करता केली. पण परत बोलावणंही फोनाफोनातूनच जाणार, आणि फोन आता भेटत नव्हते. ती भावाच्या गाडीतून गावोगाव फिरली. लोक चहा द्यायचे, ऐकून घ्यायचे, आणि म्हणायचे, "अगं, थट्टाच ती. कोण खरं धरतंय?"

खरं धरलंच होतं. वसंतात कुणी बाकासकडे मेंढरं दिली नाहीत. मनात काही नाही हो, असं प्रत्येक जण म्हणायचा, पण यंदा दुसऱ्याला कबूल केलंय.

मामाभाची दोघं त्याच्या घरी गेली. त्याची बायको गुलसून हिनं पाव पुढं ठेवला, चहा ओतला. तायकेंनी टोपी काढली, बोलायला सुरुवात केली आणि जन्मात पहिल्यांदा अडखळले.

बाकासनं हात वर केला. "राहू द्या, बाइके. चूक तुम्ही कबूल केलीत, मी ऐकलं." मग सायकालकडे वळला. "तुझ्या त्या कानाला सांग, मी रशियाला चाललोय. बांधकामावर. तिथं मला कुणी ओळखत नाही."

सायकालनं पावाचा तुकडा मोडला, आणि तो हातातच राहिला.

कुलाक त्यानंतरही चालू राहिला. तायके मात्र बोलायचे थांबले. लग्नाची बोलावणीही नाकारू लागले. सायकालनं अ‍ॅपमध्ये खोडायचं बटण परत घातलं, परत बोलवायची सोय सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, कुणाचं नाव आलं तर आधी त्या माणसाला ऐकवायचा नियम केला. लोक म्हणाले, आता जरा किचकट झालंय.

दुसऱ्या हिवाळ्यात रशियात बाकास परांचीवरून पडला आणि गेला. शवपेटी विमानानं बिश्केकला आणि तिथून गाडीनं बर्फातून गावात आली. अंगणात तंबू उभारला. आत गुलसून भिंतीकडे तोंड करून बसली, नवऱ्याचे गुण गात रडू लागली. पुरुष एकेक करून दाराशी येत आणि रीतीप्रमाणे मोठ्यानं हंबरडा फोडत, आणि आतून गुलसूनच्या गाण्यानं त्यांना उत्तर मिळे. फारसे आलेच नव्हते. सायकाल मागच्या अंगणात बायकांबरोबर बटाटे सोलत होती.

तेवढ्यात फाटकाशी आवाज उठला. "बाकास, माझ्या भावा, काळजाच्या तुकड्या!" तो आवाज त्या खोऱ्यात लहानथोर सगळ्यांना पाठ होता. बायकांचे हात थांबले. तंबूत गुलसूनचं गाणंही मध्येच तुटलं.

तायके काठीवर वाकून रडत दाराकडे येत राहिले. कुणी त्यांना धरायला पुढं झालं नाही. सायकाल सुरी खाली ठेवून उभी राहिली.

मग गुलसूननं घसा साफ केला आणि तुटलेल्या ओळीपासून गाणं पुन्हा उचललं.