घड पारखणारे उखर्डूभाऊ

रावेरला उखर्डूभाऊंना सगळे पारखी म्हणत. केळीचा घड कापायला झाला की नाही, हे ते ठरवत. घडाखाली उभं राहून केळ्याच्या धारांवर अंगठा फिरवायचे, धार किती बोथट झाली ते पाहायचे आणि सांगायचे, हा आज, तो चार दिवसांनी. माल रेल्वेच्या वॅगनने दिल्लीला जायचा. जास्त भरलेलं केळं वाटेतच पिकतं, कोवळं कापलं तर वजन भरत नाही. सव्वीस वर्षं आमच्या फळविक्री सोसायटीचा माल त्यांच्या शब्दावर कापला गेला.

१९८८ साली सोसायटीत कॉम्प्युटर आला. आणला माझ्याच मुलाने, लीलाधरने. तो पुण्याच्या एका कंपनीत होता. चेअरमन जीवरामनानांनी यंत्राला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. त्याच्या खोलीला एसी बसवला, चपला बाहेर काढायचा नियम केला. भर मे महिन्यात हमाल तापलेल्या वॅगनी भरत आणि यंत्र गारव्यात बसे. लीलाधर सांगायचा, हे नुसते हिशेब करत नाही, विचार करतं. तज्ज्ञाचं डोकंच यात उतरवलंय.

तज्ज्ञ म्हणजे उखर्डूभाऊच. लीलाधरने चार दिवस त्यांना आमच्या ओट्यावर बसवून प्रश्न विचारले होते. ते म्हणाले, हाताला कळतं, शिवाय त्या वर्षीचं ऊन, पाणी, वारा पाहावा लागतो. ते काही वहीत मांडता येईना, म्हणून लीलाधरने लागवडीपासून कापणीपर्यंतचे दिवस विचारले. साधारण किती, एवढंच. चहा मी देत होते.

पुढच्या वर्षी मार्चमध्येच ऊन तापलं. आमच्या बागेत चार घड पाहून उखर्डूभाऊ लीलाधरला म्हणाले, "भो, हा माल आजच काप. आठ दिवस थांबला तर दिल्ली पाहणार नाही."

"काका, कॉम्प्युटरने अठ्ठावीस तारीख दिलीय."

"त्याले एकदा बागेत तर आण. जरा ऊन लागू दे."

लीलाधर हसला. म्हणाला, मशीन थकत नाही, विसरत नाही, बिडी ओढायला बसत नाही. मी शेजारीच उभी होते.

अठ्ठावीस तारखेला कापलेला सोसायटीचा सगळा माल दिल्लीत काळा लगदा होऊन उतरला.

बैठक बोलावली. यजमान गेल्यापासून आमच्या घरातून सभासद मीच होते. लीलाधरने छापील कागदांची लांबलचक घडी उलगडून दाखवली. प्रोग्राममध्ये चूक नाही, म्हणाला, त्याला पुरवलेली माहितीच चुकीची होती. माहिती कोणी पुरवली ते सगळ्यांना ठाऊक होतं. उखर्डूभाऊ उठून म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं, वहिनींसमोर.

जीवरामनाना माझ्याकडे वळले. "अक्का, सांगितलं होतं का यांनी?"

लीलाधरची नोकरी नवी होती. सोयरिकीची बोलणी चालली होती.

"मला काही आठवत नाही," मी म्हणाले.

उखर्डूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि ते खाली बसले.

सोसायटीने त्यांचं काम काढून घेतलं. बाकीच्या सोसायट्यांनीही त्यांना कामावर घेतलं नाही. कॉम्प्युटरला चुकीचं शिकवणारा पारखी कोणाला हवा? कॉम्प्युटरला मात्र कोणी काढलं नाही, त्याच्यासाठी नवा प्रोग्राम आला. पन्नाशी उलटलेले उखर्डूभाऊ पाचोऱ्याच्या जिनिंगमध्ये कापूस वाहायला गेले. चार वर्षांत छाती भरली आणि तिथेच गेले. लीलाधर आता कॉलेजांमधून भाषणं देतो. पाच वर्षांत यंत्र माणसासारखा विचार करू लागेल, असं सांगतो. पाच वर्षांपूर्वीही हेच सांगत होता.

उखर्डूभाऊंच्या दहाव्याला मी पाचोऱ्याला गेले होते. बायका उठून गेल्यावर त्यांच्या बायकोने, झुंबरबाईने, मला थांबवलं. इतकी वर्षं नवऱ्याला हे विचारायचं तिचं धाडस झालं नव्हतं.

"वहिनी, त्यांनी खरंच चुकीचं सांगितलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी बरोबरच सांगितलं होतं, माझ्यासमोर."

तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो.