घराण्यासकट वेबसाईट

वेबसाईट म्हटलं की मला अजून त्या पानाचा गुलाबी रंग आठवतो आणि किळस येते. लहान मुलांना तापाचं औषध देतात ना, तसला गुलाबी. शी!

नव्वदचं दशक संपत आलेलं. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला राहायचो. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून मी कल्याणच्या एका छापखान्यात डिझाईनं करायचे. मसाल्याची पाकिटं, अगरबत्तीचे पुडे, साड्यांचे खोके. मिरची काढली तर बघणाऱ्याला ठसका लागला पाहिजे, असा माझा हट्ट. आणि मालकाचं दरवेळी एकच, "मिरची लहान करा, नाव मोठं करा." वैताग नुसता.

तेवढ्यात ठाण्याच्या एका जाहिरात कंपनीत जागा निघाली. तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या, "आमचे साहेब बंगलोरला असतात. तुमचं काम वेबसाईटवर टाका आणि पत्ता कळवा, ते तिथूनच बघतील."

ही नोकरी मला हवीच होती. कारण बाबांशी माझा करार झालेला. ही नोकरी लागली तर दोन वर्षं स्थळांचा विषय बंद. नाही लागली, तर ते बोलावतील त्या पाहुण्यांसमोर निमूट बसायचं. रविवारी साडी नेसा, पोह्यांचा ट्रे आणा, आणि कुठल्या तरी मावशींनी आपल्याला चालून दाखवायला लावायचं. बाजारात म्हैस बघतात तशी. मला त्याचा वीट आलेला.

डोंबिवली स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी "वेबसाईट बनवून मिळेल" अशी पाटी लावलेली. माझ्या डिझाईनांची काळी फाईल मी त्यांच्याकडे दिली. "टेन्शन घेऊ नका मॅडम, एकदम झकास करतो," सर म्हणाले. "फक्त तुमची माहिती लिहून आणा."

नेमकं छापखान्यात दिवाळीचं काम अंगावर आलं. मला हलता येईना. बाबा सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले, हाताला काम शोधत बसायचे. म्हणाले, "तू निर्धास्त राहा. मी जातो आणि सगळी माहिती व्यवस्थित भरून घेतो. आयुष्यभर तेच केलंय."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

दोन दिवसांनी मी क्लासमध्ये गेले. सरांनी मोठ्या ऐटीत पान उघडलं. चित्रं हळूहळू, वरून खाली उमटत होती. आधी दोन फिरत्या समया. मग "श्री गजानन प्रसन्न". मग मी! स्टुडिओत काढलेला, पैठणी नेसलेला, लग्नासाठी दाखवायचा फोटो. खाली उंची, वर्ण गव्हाळ, रास, नाडी, गोत्र. मामांचं गाव आणि त्यांचा हुद्दा. आत्याच्या यजमानांचासुद्धा हुद्दा! अगदी तळाशी "छंद" म्हणून माझी डिझाईनं, टिकलीएवढी, विणकाम आणि पाककलेच्या मधोमध. माझी मिरची तर ओळखूच येत नव्हती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन ओरडले, "बाबा, नोकरी मागायला नाडी कशाला लागते?"

"अगं, माणूस ओळखायचा तो घराण्यावरून," बाबा शांतपणे म्हणाले. "चित्रं काय, कोणीही काढतं. चांगल्या घरातली मुलगी आहे हे त्यांना कळायला नको? आणि कंपनीत फोन करून पत्ताही दिला मी. तुझा हेलपाटा वाचवला."

कपाळ माझं! मी उलट्या पावली क्लासमध्ये गेले. सर कॉम्प्युटरवरून नजर न हटवता म्हणाले, "आता दिवाळीनंतर बघू, मॅडम. आणि खरं सांगू? सगळ्यांना आवडलंय." सगळे म्हणजे कोण, डोंबल! माझी काळी फाईल तेवढी उचलून मी परत आले.

दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन आला. आवाज गोड, अगदी पाकात घोळलेला. "साहेबांनी बघितलं हं. काम नीट दिसलं नाही, पण तुमचं लग्नाचं चाललेलं दिसतंय. आम्हाला टिकून राहणारी मुलगी हवीय. तेव्हा आधी ते उरकून घ्या, शुभेच्छा!" मी सांगत होते, अहो, तसं नाही, माझी फाईल घेऊन मी आत्ता येते. त्यांनी फोन ठेवलेला.

रिसीव्हर हातात घेऊन मी तशीच उभी होते, तोच बाबा बाहेरून आले. चपला काढायचंही भान नव्हतं. हातात क्लासच्या सरांनी छापून दिलेला कागद.

"अमेरिकेहून ईमेल आलाय!" बाबा म्हणाले. "मुलाचे वडील मूळचे ठाण्याचेच, पत्ता त्यांना आत्याच्या यजमानांनी कळवला. ऐक. 'वेबसाईट पाहिली. मुलगी पसंत आहे. चित्रकलेचा छंद लग्नानंतरही फावल्या वेळात जोपासायला आमची हरकत नाही.' किती मोठ्या मनाची माणसं बघ!"

"बाबा, ठाण्याची नोकरी गेली," मी म्हटलं.

बाबा कागदाची नीट घडी करून देवापुढे ठेवत म्हणाले, "मग झालं तर. आपलं ठरलंच होतं ना?"

आईने शिरा केला. वाटी माझ्या हातात देताना ती म्हणाली, "ते लोक येतील ना, तेव्हा तुझी ती काळी फाईल माळ्यावर टाक. घर जरा नीट दिसेल."